वय झाल्यावर खाल्लेलं प्रोटीन अंगी का लागत नाही? (आप्पांच्या निमित्तानं)

पूर्वाई_जुळेसोलापूर

धागा काढायचं कारण आमचे आप्पा, म्हणजे माझे सासरे. वय ७३. ऑक्टोबरमध्ये डेंग्यू झाला, अकरा दिवस ॲडमिट होते, त्यातले नऊ दिवस तर कॉटवरून खाली पाय ठेवला नाही. प्लेटलेट वर आल्या, ताप गेला, घरी आलो, सगळे म्हणाले सुटलो एकदाचे. पण पहिल्याच दिवशी आंघोळीला नेताना बघते तर मांडीचं मांस पार उतरलेलं, पायजम्याची नाडी चार बोटं जास्त ओढावी लागतेय, घड्याळ मनगटावर न राहता वर सरकतंय. लाकडी खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी दांडे धरतात, अर्धवट उठतात, परत बसतात, मग दुसऱ्यांदा जोर लावून उठतात. ३४ वर्षं पॉवरलूमवर उभ्यानं ड्युटी केलेला माणूस आहे ओ हा, त्यांना असं बघवत नाही.

डिस्चार्ज देताना आम्हाला सांगितलं की वय झालंय, पचणार नाही, हलकंच द्या. मी पण अगदी तसंच केलं. मऊ भात, मुगाच्या डाळीचं वरचं पाणी, चहा-टोस्ट, तीन आठवडे हेच. वजन भरून यायचं सोडा, अजून एक किलो उतरलं. आजारपणाआधी ६१ होते, आता ५६.

काल रात्री वही घेऊन बसले आणि त्यांच्या दिवसभरातल्या प्रोटीनचा हिशेब मांडला. सकाळी चहा आणि दोन टोस्ट, धरा ३ ग्रॅम. दुपारी एक भाकरी, त्यांना कडक भाकरीच लागते पण कवळीनं चावत नाही म्हणून आमटीत कुस्करून, तिचे ६. आमटी पातळ, वाटीत डाळ जेमतेम १५ ग्रॅम येत असेल, त्याचे ३. शेंगाचटणी चमचाभर, २. रात्री वाटीभर भात आणि ताक, दोन्ही मिळून ५. झोपताना अर्धा कप दूध, ३-४. सगळी बेरीज २२-२३ ग्रॅम. एवढंच!! मला तर रडूच आलं, कारण ताट मीच वाढत होते ना.

तर प्रश्न असे की या वयात नक्की किती लागतं, खरंच पचत नाही का, आणि जास्त दिलं तर किडनीवर ताण येतो म्हणतात त्यात तथ्य किती. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांनी आपले अनुभव नक्की लिहा.

सातरस्ता_सुनील

अगदी आमच्या आईची कथा. खुबा मोडला होता तिचा, ऑपरेशन उत्तम झालं पण नंतर पायात जीवच उरला नाही. वाचतोय.

डाळ_आणि_डबा

पूर्वाई, आधी एक सांगते, तू काही चूक केलेली नाहीस. दहातल्या नऊ घरात असंच चालतं, आजारी म्हाताऱ्याला डाळीचं पाणी. मी आहारशास्त्र शिकवते, वीस वर्षं झाली, आणि या एका विषयावर मला खूप तळमळीनं बोलावंसं वाटतं त्यामुळे जरा लांबेल.

पहिलं, "पचत नाही" हे. वय वाढलं की पोटातलं ॲसिड कमी होऊ शकतं, दात जातात, भूक मंदावते, हे सगळं खरं. पण प्रोटीन फोडायचं मुख्य काम स्वादुपिंडाचे एन्झाइम्स लहान आतड्यात करतात आणि धडधाकट म्हाताऱ्या माणसात ते काम बऱ्यापैकी शाबूत असतं. म्हणजे प्रोटीन रक्तापर्यंत पोचतं. अडतं ते पुढं.

आपल्या अंगात रोज साधारण पाव किलोच्या वर प्रोटीन मोडतं आणि तेवढंच परत बनतं. रोज उसवायचं, रोज विणायचं, असं चाललेलं असतं. जेवलं की रक्तात अमिनो ॲसिड्स (प्रोटीन फोडल्यावर सुटणारे बारीक तुकडे) वाढतात आणि ती वाढ म्हणजेच स्नायूला निरोप, की माल आलाय, विणायला घे. तरुण स्नायू हळू हाकेला पण ओ देतो. म्हाताऱ्या स्नायूला तीच हाक ऐकू जात नाही, जरा मोठ्यानं मारावी लागते. याला ॲनाबॉलिक रेझिस्टन्स म्हणतात. त्यात भर म्हणजे आतडी आणि लिव्हर वाटेतच आपला वाटा काढून घेतात. १९९७ च्या एका फ्रेंच अभ्यासात म्हाताऱ्या पुरुषांमध्ये जेवणातल्या ल्यूसीनचा (हे एक अमिनो ॲसिड) हा वाटा तरुणांच्या जवळजवळ दुप्पट निघाला होता. म्हणजे आधीच ऐकू कमी येतंय आणि हाक पण अर्धीच पोचतेय.

आता आकडे. २०१५ साली बऱ्याच प्रयोगांचा डेटा एकत्र करून काढलं की एका वेळच्या जेवणात तरुणाला वजनाच्या किलोमागे ०.२४ ग्रॅम प्रोटीन मिळालं की स्नायूची विणाई पूर्ण वेगात येते. सत्तरीच्या माणसाला त्यासाठी ०.४० लागलं. आप्पांचं वजन ५६, म्हणजे एका जेवणाला २२ ग्रॅम. आता तुझी वही बघ. तू त्यांना दिवसभरात जेवढं देत होतीस तेवढं त्यांना *एका* जेवणात हवंय.

दिवसाचं म्हणशील तर आपल्या आयसीएमआर-एनआयएनची (सरकारी पोषण संस्था) २०२० ची शिफारस प्रौढांसाठी किलोमागे ०.८३ आहे, त्या हिशेबानं आप्पांचे ४६. पण २०१३ मध्ये प्रॉट-एज म्हणून एक आंतरराष्ट्रीय अभ्यासगट होता, त्यांनी ६५ च्या पुढच्यांसाठी १ ते १.२ सांगितलंय आणि आजारी किंवा आजारातून उठणाऱ्यांसाठी १.२ ते १.५. म्हणजे आप्पांना सध्या ६७ ते ८४. एकदम तिथं उडी मारू नकोस, भूकच नसते त्यांना, आठवड्याला थोडं थोडं वाढव. आणि त्याआधी किडनीची तपासणी, ते पुढं कुणीतरी विचारेलच तेव्हा लिहिते.

हुतात्माबाग_फिरस्ता

मी स्वतः ७१ वर्षांचा आहे. रोज सकाळी फिरतो. ताई, माहिती चांगली लिहिलीत पण मला हे पटायला जड जातंय. आमचे वडील मंगळवेढ्याकडचे, आयुष्यभर मालदांडीची भाकरी, कांदा, हुलग्याचं माडगं, सणासुदीला मटण. कुणी ग्रॅम मोजले नाहीत, नव्वदीपर्यंत शेतात जात होते. शास्त्र पण सांगतं की उतारवयात मिताहार असावा. आणि डाळी खाल्ल्या की गॅस होतो हा माझा स्वतःचा अनुभव आहे, मग पचत नाही असंच म्हणायचं ना?

डाळ_आणि_डबा

@हुतात्माबाग_फिरस्ता काका, नमस्कार. तुमच्या वडिलांच्या उदाहरणातच उत्तर आहे बघा, नव्वदीपर्यंत शेतात जात होते! राबणारा स्नायू हाक ऐकतो. काम केल्यावर पुढचा दीड-दोन दिवस तरी तो खाल्लेल्या प्रोटीनला जास्त चांगला प्रतिसाद देतो. आणि हुलगा म्हणजे शंभर ग्रॅमला २२ ग्रॅम प्रोटीन, ते काही कमी नाही. न मोजता पण ते बरोबर खात होते.

गॅसचं वेगळं आहे. तो प्रोटीनमुळे होत नाही, डाळी-कडधान्यात काही साखरा असतात (रॅफिनोज वगैरे) त्या आपल्याला फोडता येत नाहीत, मोठ्या आतड्यातले जंतू त्या फोडतात आणि गॅस होतो. रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या, मोड आणा, मऊ शिजवा, बराच फरक पडतो. मिताहाराचं म्हणाल तर भूक कमीच होते या वयात, म्हणून तर जो घास जाईल तो दमदार असला पाहिजे असं माझं म्हणणं आहे. भात कमी करा, डाळ दाट करा.

विणकर_भवानीपेठ

आमचे नान्ना (वडील) ६८, शुगर १५ वर्षांपासून. क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी) १.६ आलंय. डॉक्टर म्हणाले डाळ बंद, अंडी बंद. पण हात-पाय काटकुळे झालेत त्यांचे. हा धागा वाचून आता अजूनच गोंधळ झाला, प्रोटीन वाढवायचं का कमी करायचं?? आमच्या घरात मोठा भाऊ म्हणतो वाढव, आई म्हणते डॉक्टरनं सांगितलंय तसंच.

डाळ_आणि_डबा

@विणकर_भवानीपेठ थांबा, नान्नांसाठी वरचे आकडे लावू नका. १.२ वगैरे जे लिहिलं ते किडनी ठीक असणाऱ्यांसाठी. प्रॉट-एजवाल्यांनी पण स्पष्ट लिहिलंय की किडनी खूप उतरलेली असेल (ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा, ३० च्या खाली) आणि डायलिसिस चालू नसेल तर प्रोटीन मर्यादेतच ठेवायचं. जुनाट किडनीविकारासाठी केडीआयजीओ या आंतरराष्ट्रीय गटाची २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वं किलोमागे ०.८ म्हणतात, पण त्यातच असंही आहे की म्हातारा रुग्ण अशक्त असेल, स्नायू झडलेले असतील तर थोडं जास्त चालेल का याचा विचार करावा. म्हणजे "डाळ पूर्ण बंद" आणि "भरपूर खा" यांच्या मधे बरीच जागा आहे आणि ती जागा किडनीच्या डॉक्टरांनीच ठरवायची, नान्नांचा ईजीएफआर, लघवीतलं प्रोटीन, पोटॅशियम बघून.

आणखी एक, हे सगळ्यांनीच वाचा. क्रिएटिनिन स्नायूतून येतं. ज्याच्या अंगावर स्नायूच नाहीत त्याचं क्रिएटिनिन कमीच दिसतं, म्हणजे वाळलेल्या म्हाताऱ्याचा रिपोर्ट "नॉर्मल" येऊन आत किडनी कमजोर असू शकते. अशा वेळी सिस्टॅटिन सी नावाची रक्ताची टेस्ट असते, ती स्नायूवर फारशी अवलंबून नसते. डॉक्टरांना विचारून बघा करायची का. पूर्वाई, आप्पांचं पण.

पाय_आणि_पायरी

फिजिओ आहे, अक्कलकोट रोडला प्रॅक्टिस. एवढा वेळ वाचत होतो, आता राहवत नाही.

आप्पांचं जे झालं ते कॉटनं केलंय. २००७ मधला एक अमेरिकन प्रयोग आहे, चांगले धडधाकट ज्येष्ठ लोक घेतले, सरासरी वय ६७, आणि त्यांना फक्त दहा दिवस झोपवून ठेवलं. आजार नाही, ताप नाही, काही नाही. प्रोटीन पण शिफारशीएवढं दिलं. तरी दहा दिवसात नुसत्या पायातून जवळजवळ एक किलो मांस गेलं. आप्पांना तर वर डेंग्यूचा ताप होता आणि जेवण तोंडाला लागत नव्हतं. आणि कॉटवरच असावं लागतं असं पण नाही, दोन आठवडे नुसतं चालणं एकदम कमी केलं तरी जेवणानंतरची स्नायूची विणाई पाव हिश्शानं घसरते हे दाखवलंय २०१३ मध्ये. आपल्याकडं मे महिन्यात ४३-४४ डिग्रीत म्हातारी माणसं दोन महिने कूलरसमोर बसून असतात, जूनमध्ये माझ्याकडं येतात गुडघे दुखतात म्हणून. गुडघा धरणारं मांडीचं मांसच गेलेलं असतं.

पण उलट पण होतं आणि ते मला जास्त सांगायचंय. १९९० मध्ये बॉस्टनला एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या, हो नव्वदीच्या, लोकांना आठ आठवडे मांडीचा वजनाचा व्यायाम दिला. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. काहीजणांनी तर काठी सोडली. मग त्याच संशोधकांनी १९९४ ला शंभर जणांवर मोठा प्रयोग केला, काहींना नुसतं पोषक पेय, काहींना व्यायाम, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. नुसत्या पेयानं ताकद वाढली नाही. त्यामुळे पूर्वाई ताई, नुसतं ताट भरून भागणार नाही, पायावर भार पडला पाहिजे.

घरी करायची टेस्ट: हात छातीवर घडी करून खुर्चीतून पाच वेळा उठणं-बसणं, सेकंद मोजा. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषात १२ सेकंद किंवा जास्त लागले तर सार्कोपेनियाच्या (वयाबरोबर स्नायू झडणं) दिशेनं तपासायला सांगितलंय. पोटरीचा घेर पण मोजा, सर्वात जाड जागी, पुरुषांना ३४ सेमीच्या खाली आणि बायकांना ३३ च्या खाली असेल तर तपासून घ्या. आप्पांना बिनहाताचं उठता येत नसेल तर खुर्चीची बैठक उंच करा, म्हणजे जमेल. कुणीतरी शेजारी उभं रहा, खुर्ची भिंतीला टेकवा.

पूर्वाई_जुळेसोलापूर

आत्ताच पोटरी मोजली. ३१. उठायची टेस्ट एकदाही झाली नाही हाताशिवाय. मग बैठक उंच करायला घरात दुसरं काही सापडेना म्हणून जाड सोलापुरी चादरी घड्या घालून ठेवल्या, एक, दोन, तीन. तीन चादरींवर बसवलं तेव्हा उठले!! हात न लावता. तीनदा उठले मग दमले. चेहरा बघायला पाहिजे होता त्यांचा.

डॉक्टरांकडं उद्या जातेय टेस्टसाठी. पण जेवण सांगा ना कुणीतरी नेमकं, आपल्या घरात होणारं. ॲव्होकाडो वगैरे नको.

डाळ_आणि_डबा

रिपोर्ट चांगले आले की मग असं कर. दुपारी एक भाकरी (६), त्याबरोबर मटकीची उसळ, कोरडी मटकी ३५ ग्रॅम म्हणजे मूठभर, मऊ शिजवून (८), वाटीभर घट्ट दही (५), आणि शेंगाचटणी चमचाभर नको, दोन मोठे चमचे दह्यात कालवून (५). झाले की नाही २४! शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला जवळजवळ २४-२५ ग्रॅम प्रोटीन असतं, आपल्याकडं रोजच्या ताटात ते आहेच, फक्त तोंडी लावण्यापुरतं आहे. मीठ-तिखट कमी करून त्यांच्यासाठी वेगळी कूट.

भाकरीबद्दल जरा सविस्तर सांगते कारण आपण भाकरीवाले लोक. ज्वारीत ल्यूसीन भरपूर असतं, आणि स्नायूला हाक मारणारं मुख्य अमिनो ॲसिड तेच. पण लायसीन नावाचं दुसरं फार कमी असतं, आणि ज्वारीचं प्रोटीन शिजवल्यावर जरा घट्ट होऊन पचायला अवघड होतं. म्हणजे भाकरीवर एकट्यानं भागत नाही. लायसीन डाळीत, कडधान्यात, दुधात, अंड्यात भरपूर. आपल्या आज्या भाकरीबरोबर पिठलं, आमटी, दही देत होत्या ते फार शहाणपणाचं होतं. शेंगदाण्यात पण लायसीन बेताचंच, म्हणून नुसती भाकरी-चटणी नको, दही हवंच. एनआयएनवाले पण धान्य, डाळ, दूध यांचं ३:१:२.५ असं प्रमाण सांगतात.

सकाळी टोस्ट बंद कर. अंडी खातात ना आप्पा? दोन अंडी, मऊ भुर्जी (१२) आणि कपभर दूध (७). नाश्ता हीच सगळ्यात रिकामी वेळ असते आपल्याकडं. रात्री पातळ पिठलं, बेसन किंवा हुलग्याचं पीठ ४० ग्रॅम, भात थोडा, आणि झोपताना दूध. दुधात दोन चमचे साध्या दुधाची पावडर घातली तर ५ ग्रॅम अजून, पोट न भरता.

कवळीचा मुद्दा लहान वाटतो पण लहान नाही. ज्येष्ठांना मांसाचा तुकडा आणि तेच मांस बारीक करून असं दिलं तर बारीक केलेल्यातली अमिनो ॲसिड्स रक्तात जास्त लवकर येतात असं बघितलंय. मटण करशील तेव्हा त्यांच्यासाठी खिमा कर. आणि कवळी परत बसवून घे, वजन उतरलं की हिरड्यांवर ती ढिली होऊ शकते.

जिम_पार्कचौक

व्हे प्रोटीनचा एक स्कूप द्या ना सरळ, २४ ग्रॅम, ल्यूसीन अडीच ग्रॅमच्या आसपास, पचायला हलकं. एवढा हिशेब कशाला. मी माझ्या बाबांना देतोय.

पाय_आणि_पायरी

@जिम_पार्कचौक व्हे चांगलंच आहे, त्याला नावं ठेवत नाही, दूधच आहे ते. ज्यांना जेवणच जात नाही त्यांना खूप उपयोग होतो. पण महिन्याचा खर्च सगळ्यांना झेपत नाही आणि डबा संपला की माणूस परत चहा-टोस्टवर. ताट सुधारलं तर ते टिकतं. बाबा व्यायाम करतात का ते पण लिहा.

जिम_पार्कचौक

नाही करत. आज सांगतो त्यांना. खुर्चीवालं करून घेतो.

विडीकामगाराची_लेक

माझी आई ६६. वयाच्या बाराव्या वर्षापासून विड्या वळल्या, मांडीवर सूप घेऊन दिवसभर मांडी घालून बसायचं, त्यामुळं पाय कधी चाललेच नाहीत म्हणा ना. ती सगळ्यांना वाढून उरेल ते खाते, अजूनही. डाळ पोरांना, तिला चटणी-भात. मी मटकी केली की म्हणते मला नको, नातवाला दे, त्याचं वाढीचं वय आहे. काल तिला हा धागा वाचून दाखवला, तेलुगूत समजावून सांगितलं, की अम्मा, नातवापेक्षा तुला किलोमागं जास्त लागतं. तिला खरंच वाटेना. "आम्ही काय वाढणार आता" म्हणाली. मी म्हटलं वाढायसाठी नाही, झिजू नये म्हणून.

आता तिचं ताट मी आधी वाढते. समोर बसते. एवढंच सांगायचं होतं.

पूर्वाई_जुळेसोलापूर

@विडीकामगाराची_लेक किती नेमकं लिहिलंस गं.

पंढरीची_वाट

माझा प्रश्न उपवासाचा. आमच्या सासूबाई (७६) महिन्याच्या दोन्ही एकादश्या, गुरुवार, चतुर्थी सगळं करतात, साबुदाणा आणि चहा. सोड म्हणायची सोय नाही, माळकरी आहेत. काय करू?

डाळ_आणि_डबा

सोडायला नका सांगू, दुखावतील. साबुदाण्यात प्रोटीन जवळपास नाहीच, पण उपवासाला दूध, दही, पनीर, शेंगदाणे, राजगिरा चालतो ना! दाण्याची आमटी आणि भगर, राजगिऱ्याच्या लाह्या दुधात, खिचडी केलीच तर दाण्याचं कूट दुप्पट आणि सोबत वाटीभर दही. चालत असेल तेवढं ताक-दूध दिवसभर. गुरुवार एकवेळ जेवून करतात का विचारा, ते एक जेवण तरी चांगलं भरीव होऊ दे.

सातरस्ता_सुनील

अजून एक विचारतो. आईला पार्किन्सन्सच्या गोळ्या पण चालू आहेत (लेव्होडोपावाल्या). प्रोटीन वाढवल्यापासून दुपारी गोळीचा असर कमी वाटतोय, माझा भ्रम आहे का?

डाळ_आणि_डबा

भ्रम नाही! बरं झालं विचारलंत. लेव्होडोपा आणि प्रोटीनमधली काही अमिनो ॲसिड्स आत शिरायला एकच दार वापरतात, आतड्यात पण आणि मेंदूकडं जाताना पण. एका वेळी दोघं आले की गोळी मागं राहते. साधारण जेवणाआधी अर्धा तास तरी गोळी घ्यायला सांगतात, काहींना जास्तीचं प्रोटीन रात्रीच्या जेवणात हलवायला सांगतात. तुमच्या न्यूरोच्या डॉक्टरांना हे जसंच्या तसं सांगा, वेळापत्रक ते बसवून देतील. प्रोटीन आपलं आपण बंद करू नका.

हुतात्माबाग_फिरस्ता

मी काल खुर्चीची परीक्षा दिली. १४ सेकंद. रोज पाच किलोमीटर चालतो तरी १४. मला वाटलं होतं सहज होईल.

पाय_आणि_पायरी

काका, चालणं हृदयाला उत्तम, ते सोडू नका. पण सपाटीवर चालताना मांडीला जोर फारसा लागत नाही. आठवड्यातून तीन दिवस खुर्चीतून दहा-दहाचे दोन-तीन सेट, कट्ट्याला धरून टाचा उचलणं, आणि जिना. बागेतून आल्यावर नाश्त्याला फक्त चहा घेता का? घेत असाल तर तिथंच अंडी किंवा मोडाची उसळ. व्यायामानंतर स्नायू जागा असतो, तेव्हा त्याच्या पुढ्यात काहीतरी ठेवा.

पूर्वाई_जुळेसोलापूर

नऊ आठवड्यांनी अपडेट देतेय, उशीर झाला त्याबद्दल सॉरी.

रिपोर्ट चांगले आले होते, सिस्टॅटिन सी सुद्धा. ड जीवनसत्त्व आणि बी १२ दोन्ही कमी निघाले, त्याच्या गोळ्या सुरू आहेत. पहिले दोन आठवडे फार जड गेले, दोन अंडी जायची नाहीत, एकच जायचं, दही खाल्लं की भाकरी उरायची. मग मी भाकरी अर्धी केली आणि उसळ तशीच ठेवली. शेंगाचटणी-दही मात्र पहिल्या दिवसापासून आवडीनं. हुलग्याचं माडगं केलं तर म्हणाले त्यांच्या आईनंतर कुणी केलंच नव्हतं घरात.

चादरींचं सांगते. तीन चादरींवरून दहा उठबशा जमायला लागल्यावर फिजिओ दादांच्या सांगण्यावरून एक काढली. त्या दिवशी परत तीनच झाल्या, रागावले पण माझ्यावर. मग आठ-दहा दिवसांनी दुसरी काढली. तिसरी त्यांनी स्वतः काढली, मला न सांगता, मी आतून बघितलं तर चादर घडी घालून कॉटवर ठेवलेली आणि आप्पा नुसत्या खुर्चीवर बसलेले, हात छातीशी. काल पाच वेळा, १६ सेकंद. वजन ५८.५, पोटरी ३२.

गड्ड्याला (सिद्धेश्वराच्या यात्रेला) यंदा नको म्हणत होतो आम्ही, गर्दी असते. ऐकले नाहीत. यात्रेत घालायची पांढरी बाराबंदी काढायला लावली कपाटातून. नंदीध्वज (मिरवणुकीतल्या मानाच्या उंच काठ्या) यायच्या वाटेवर कोपऱ्यावर खुर्ची नेऊन ठेवली होती त्यांच्यासाठी, सातही नंदीध्वज पुढून जाईपर्यंत एकदाही बसले नाहीत तिच्यावर.

विडीकामगाराची_लेक

वाचून डोळे भरले. अम्माला दाखवते. माडगं कसं करतेस ते पण लिही ना, प्रमाण सांग.

पूर्वाई_जुळेसोलापूर

हुलगे मंद आचेवर खमंग भाजायचे, गार झाले की गिरणीतून बारीक पीठ. एका माणसाला मोठे तीन चमचे पीठ (३०-३५ ग्रॅम), आधी गार पाण्यात कालवून घे नाहीतर गुठळ्या होतात. पातेल्यात दीड वाटी पाणी, गूळ, सुंठ, चिमूटभर मीठ, उकळी आली की ते पीठ सोडायचं आणि ढवळत राहायचं सात-आठ मिनिटं. खाली उतरवल्यावर अर्धा कप दूध घाल, उकळत असताना घालू नको फाटतं कधी कधी. अम्मांना गोड नको असेल तर गूळ काढून लसूण-जिऱ्याची फोडणी दे, आप्पांना तसंच आवडतं, मग वरून दुधाऐवजी ताक.

पाय_आणि_पायरी

१६ वर आले, मस्त! आता जिन्याची एक पायरी घ्या, खालचीच, कठड्याला धरून चढ-उतर, आधी उजवा पाय मग डावा, पाच-पाच वेळा. महिन्यानं परत सेकंद कळवा.